स्वायत्त चेतासंस्था : तक्ता पाठ आहे, तरी उत्तर चुकतंय? या चुका टाळा

वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हमखास घडणारी गोष्ट आहे. स्वायत्त चेतासंस्था म्हणजे आपल्या इच्छेविना अवयव चालवणाऱ्या नर्व्ह. तिच्या सिम्पथेटिक आणि पॅरासिम्पथेटिक या दोन यंत्रणांचा तक्ता विद्यार्थ्याला तोंडपाठ असतो. डोळ्याची बाहुली मोठी, बाहुली लहान, ठोके वाढले, ठोके कमी झाले, सगळं धडाधड येतं. मग परीक्षक विचारतात, "नॉरॲड्रेनालिन शिरेतून दिलं तर ठोक्यांचं काय होईल?" "वाढतील, सर," असं उत्तर लगेच येतं आणि गाडं तिथेच अडतं.

एमबीबीएस असो, बीएएमएस असो, बीफार्म, फिजिओथेरपी किंवा नर्सिंग असो, हा धडा सगळ्यांच्या वाट्याला येतो, आणि बहुतेकांच्या दोनदा: आधी फिजिओलॉजीत, मग फार्माकोलॉजीत. दोन्ही वेळा पाठांतरावर भर दिला जातो आणि दोन्ही वेळा विद्यार्थ्यांना वाटतं की आपली स्मरणशक्तीच कमी पडते. मला हे अजिबात पटत नाही. कमी पडतो तो क्रम. तक्ता शेवटच्या टोकापासून सुरू होतो, म्हणजे अवयवावर काय परिणाम झाला इथून. शरीरात मात्र गोष्ट मज्जारज्जूपासून किंवा मेंदूच्या देठापासून सुरू होते. तंतू कुठून निघाला, गँग्लियॉन (जिथे पहिला तंतू संपून दुसरा सुरू होतो तो नर्व्हपेशींचा पुंजका) कुठे लागलं, टोकाला कोणतं रसायन सुटलं, समोर कोणता रिसेप्टर (ते रसायन ओळखणारा पेशीवरचा रेणू) होता, आणि त्या अवयवावर आधीपासून कुणाचा ताबा होता, या वाटेने गेलात तर तक्ता आपोआप तयार होतो.

ब्रेक आणि ॲक्सिलरेटर ही कल्पना सगळीकडे लावणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती शाळेपासून आपल्याला शिकवली जाते. एक गाडी पळवतो, दुसरा थांबवतो. हृदयाच्या एसए नोडपुरतं, म्हणजे ठोके सुरू करणाऱ्या भागापुरतं, हे बऱ्यापैकी खरं आहे. पण रक्तवाहिन्यांकडे बघा. शरीरातल्या बहुतांश रक्तवाहिन्यांना पॅरासिम्पथेटिक तंतू जातच नाहीत. तिथे एकटी सिम्पथेटिक यंत्रणा सतत थोडा आवळ ठेवते. रक्तवाहिनी रुंद व्हायची तर कुणी वेगळा हुकूम देत नाही, हा आवळ सैल होतो एवढंच. घामाच्या ग्रंथी, अंगावर काटा आणणारे केसांच्या मुळांचे स्नायू आणि ॲड्रिनल मेड्युला (ॲड्रिनल ग्रंथीचा आतला भाग) हीसुद्धा एकट्या सिम्पथेटिकचीच मंडळी.

लाळेचं उदाहरण तर थेट तक्त्याच्या विरोधात जातं. दोन्ही यंत्रणा लाळ सुटायला मदत करतात. पॅरासिम्पथेटिकमुळे ती पातळ आणि भरपूर येते, सिम्पथेटिकमुळे थोडी आणि चिकट. पुरुषाच्या लैंगिक क्रियेत ताठरता मुख्यतः पॅरासिम्पथेटिकमुळे येते आणि वीर्यस्खलन सिम्पथेटिकमुळे होतं. एकच काम, दोघांनी मिळून, एकामागून एक.

हृदयातही एक मेख आहे. एसए नोडला सगळ्या नर्व्हपासून मोकळं केलं तर त्याचा स्वतःचा वेग मिनिटाला साधारण १०० असतो. शांत बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या आसपास लागते, कारण व्हेगस, म्हणजे हृदयाकडे जाणारी पॅरासिम्पथेटिक नर्व्ह, चोवीस तास हात धरून बसलेली असते. म्हणूनच व्हेगसचा परिणाम अडवणारं ॲट्रोपिन नुसतं दिलं तरी ठोके वाढतात. तिथे सिम्पथेटिकला कुणी चेतवलेलं नसतं, रोखणारा हात बाजूला झालेला असतो. हृदयप्रत्यारोपणात दात्याच्या हृदयाच्या नर्व्ह कापल्या जातात, म्हणून त्या रुग्णाची विश्रांतीतली नाडीही जास्त असते आणि ॲट्रोपिनने तिच्यात फारसा फरक पडत नाही. हे एकदा समजलं की 'टोन', म्हणजे यंत्रणेचा सतत असलेला ताबा, हा शब्द नुसता लिहायचा राहत नाही.

सिम्पथेटिक म्हटलं की नॉरॲड्रेनालिन लिहून मोकळं होणं

गँग्लियॉनच्या आधीचा प्रत्येक तंतू, मग तो कुठल्याही यंत्रणेचा असो, ॲसिटिलकोलिनच सोडतो आणि पुढचा रिसेप्टर निकोटिनिक असतो (ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरचे दोन प्रकार: निकोटिनिक आणि मस्करिनिक). इथे अपवाद शोधत बसू नका. गँग्लियॉननंतर मात्र वाटा फुटतात: पॅरासिम्पथेटिकला ॲसिटिलकोलिन आणि मस्करिनिक रिसेप्टर, सिम्पथेटिकला बहुतेक ठिकाणी नॉरॲड्रेनालिन. घामाच्या ग्रंथींना तंतू सिम्पथेटिक जातात, पण रसायन सुटतं ॲसिटिलकोलिन. ॲड्रिनल मेड्युलात तर दुसरा तंतूच नाही. पहिला तंतू थेट ग्रंथीच्या पेशींपाशी जातो आणि त्या पेशी रक्तात मुख्यतः ॲड्रेनालिन सोडतात.

घामाचा अपवाद सगळे पाठ करतात आणि वॉर्डमध्ये विसरतात. मधुमेहाचा एखादा रुग्ण प्रोप्रानोलॉलसारखं बीटा ब्लॉकर (ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचे बीटा रिसेप्टर अडवणारं औषध) घेतोय आणि त्याची साखर खूप उतरली. धडधड आणि हातांची थरथर बीटा रिसेप्टरमधून होते, त्यामुळे ती लक्षणं झाकली जातात. घाम मात्र फुटतोच, कारण त्याचा बीटाशी संबंध नाही. "बीटा ब्लॉकर घेणाऱ्या रुग्णात साखर कमी झाल्याचं कोणतं लक्षण टिकून राहतं?" या प्रश्नाचं उत्तर वेगळं पाठ करायची गरज उरत नाही.

याच अपवादाचा दुसरा चेहरा आपल्याकडे फार जवळून दिसतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, अनेकांचा जीव गेला. फवारणीच्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकंही असतात. ती ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम बंद पाडतात, त्यामुळे हे रसायन जिथे जिथे सुटतं तिथे साचत जातं. रुग्णाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला लाळ, छातीत घरघर, उलट्या, जुलाब, आणि अंग घामाने थबथबलेलं. केवळ तक्त्यावर विसंबलेला विद्यार्थी इथे गोंधळतो: बाकी सगळं पॅरासिम्पथेटिकचं, मग घाम कुठून आला? घाम त्याच ॲसिटिलकोलिनचा.

आणि याच रुग्णाचे स्नायू उडतात, मग लुळे पडतात. ते स्वायत्त चेतासंस्थेत येतच नाही, ते साध्या हालचालीच्या स्नायूंवरचे निकोटिनिक रिसेप्टर आहेत. ॲट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर अडवतं, म्हणून लाळ आणि छातीतला स्राव आटतो, पण स्नायूंची ताकद त्याने परत येत नाही. या रुग्णाच्या श्वासाच्या स्नायूंवर का लक्ष ठेवावं लागतं, ते इथे कळतं. ॲट्रोपिन पुरेसं झालं की नाही, हे बाहुलीवरून ठरवू नये असं शिकवतात. छाती कोरडी झाली का, हे मुख्यतः बघायचं.

रिसेप्टर आहे म्हणजे नर्व्हही आहे, असं मानणं

बहुतांश रक्तवाहिन्यांना पॅरासिम्पथेटिक तंतू नाहीत, असं मी वर लिहिलं. मग शिरेतून ॲसिटिलकोलिन दिल्यावर रक्तदाब का पडतो? कारण रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे एंडोथेलियमवर, एम-३ प्रकारचे मस्करिनिक रिसेप्टर आहेत. नर्व्ह नाही, पण रिसेप्टर आहे. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवलं की सशाच्या महारोहिणीच्या पट्टीवरचं हे अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिनने ती सैल पडते, आणि अस्तर खरवडून काढलं तर सैल पडत नाही. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ पुढे नायट्रिक ऑक्साइड निघाला आणि १९९८ चं नोबेल त्या कामाला मिळालं.

श्वासनलिकांचंही तसंच. तिथल्या स्नायूंवर बीटा-२ रिसेप्टर भरपूर आहेत, पण माणसात त्या स्नायूंना थेट जाणारे सिम्पथेटिक तंतू फारच विरळ. तिथे काम करतं ते रक्तातून आलेलं ॲड्रेनालिन, किंवा दम्याच्या रुग्णाने पंपातून ओढलेलं सालब्युटामॉल. त्यामुळे प्रश्न वाचताना आधी ठरवा की तो नर्व्ह चेतवण्याबद्दल आहे की औषध देण्याबद्दल. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, आणि निम्मे एमसीक्यू याच फटीत विद्यार्थ्यांना पकडतात.

औषधाचा थेट परिणाम आणि शरीराचं प्रत्युत्तर यांची सरमिसळ

आता वायव्हातल्या त्या प्रश्नाकडे वळू. नॉरॲड्रेनालिन रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर जोरदार काम करतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. मानेतल्या कॅरोटिड सायनसमधले आणि महारोहिणीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर हा ताण टिपतात, मेंदूच्या देठातल्या मेड्युलाला कळवतात, आणि व्हेगस ठोके खाली आणते. नॉरॲड्रेनालिन हृदयावरच्या बीटा-१ रिसेप्टरमधून हृदयाला पळवू पाहत असतं, पण धडधाकट शरीरात हे प्रत्युत्तर वरचढ ठरतं. म्हणून ठोके कमी होतात. तेच सुट्या काढलेल्या हृदयावर टाकलं तर ठोके वाढतात, कारण तिथे ना बॅरोरिसेप्टर, ना व्हेगस. आणि आधी ॲट्रोपिन दिलेल्या प्राण्यात? व्हेगसची वाट बंद, म्हणून ठोके वाढलेले दिसतात. एकाच औषधाची ही तीन उत्तरं समजली की कुत्र्याच्या रक्तदाबाचे आलेख, जे आता बहुतेक ठिकाणी संगणकाच्या सिम्युलेशनवर दाखवतात, घाबरवत नाहीत.

त्या आलेखांत ॲड्रेनालिनचा एक खास आहे. मोठा डोस दिला की रक्तदाब आधी चढतो, मग थोडा मूळ रेषेच्या खाली जातो. अल्फा ब्लॉकर आधी दिलं तर तेच ॲड्रेनालिन रक्तदाब फक्त पाडतं, कारण आवळणारा अल्फा झाकला गेला आणि रुंद करणारा बीटा-२ मोकळा राहिला. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये अर्गट ही बुरशी वापरून हे दाखवलं. अल्फा आणि बीटा ही नावं त्यानंतर तब्बल चार दशकांनी, १९४८ मध्ये रेमंड अल्क्विस्ट यांनी दिली. आलेख ओळखायला सांगितला तर आधी हा प्रश्न विचारा: अल्फा ब्लॉकरनंतर रेषा खाली गेली, की नुसती चढायची थांबली? खाली गेली तर ॲड्रेनालिन. चढण जवळजवळ नाहीशी झाली तर नॉरॲड्रेनालिन, कारण त्याला बीटा-२ चं बळ फारसं नाही.

एका वेळी एकच यंत्रणा चालू असते, असं धरणं

हा गैरसमज घालवायला कोकणातल्या लाल विंचवासारखं दुसरं उदाहरण नाही. त्याचं विष नर्व्हमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, त्यामुळे दोन्ही यंत्रणांची टोकं रसायनं सोडत सुटतात. सुरुवातीला उलट्या, लाळ, भरपूर घाम, मुलग्यांमध्ये लिंगाची ताठरता. मग हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी पळते, आणि हृदय थकलं की फुप्फुसात पाणी भरतं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे रुग्ण वर्षानुवर्षं जवळून पाहिले, आणि १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून प्राझोसिनचा उपयोग मांडला.

प्राझोसिनच का, हे स्वतः काढून बघा. जीव धोक्यात येतो तो अल्फा-१ मुळे आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध हृदयाला रेटावं लागतं म्हणून. प्राझोसिन अल्फा-१ अडवतं, ओझं उतरतं. बीटा ब्लॉकर दिलं तर थकत चाललेल्या हृदयाचा उरलेला आधार जातो आणि अल्फाचा आवळ तसाच राहतो. घाम आणि लाळ बघून ॲट्रोपिन द्यायचा मोह होतो, पण त्याने व्हेगसचा लगाम सुटतो आणि आधीच भरात असलेल्या सिम्पथेटिकला आणखी मोकळं रान मिळतं. ज्याला हे तीन निर्णय कारणासकट सांगता येतात त्याला हा धडा आलाय, असं मी बेधडक म्हणेन.

काही छोट्या चुका

लघवी रोखून धरणारा बाहेरचा स्फिंक्टर (तोंड आवळणारा स्नायू) स्वायत्त नाही, तो प्युडेंडल नर्व्हच्या, म्हणजे आपल्या इच्छेच्या ताब्यात आहे. व्हेगसचा जोर एसए नोड, एव्ही नोड आणि एट्रियावर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर) असतो, व्हेंट्रिकलवर (खालच्या कप्प्यांवर) फार थोडा. आणि पापणी झुकलेली दिसली की घाईने तिसऱ्या क्रेनियल नर्व्हचं नाव घेऊ नका, बाहुली बघा. बाहुली लहान आणि पापणी थोडीशीच झुकलेली, तर हॉर्नर सिंड्रोम, म्हणजे सिम्पथेटिकची वाट तुटलेली. पापणी पुरती मिटलेली आणि बाहुली मोठी, तर तिसरी नर्व्ह.

आपलं नेमकं कुठे अडतंय, हे कसं ओळखायचं

कोरा कागद घ्या आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: हेक्झामेथोनियमसारखं गँग्लियॉन बंद करणारं औषध दिलं तर प्रत्येक अवयवाचं काय होईल? दोन्ही यंत्रणा एकदम गप्प होतात, म्हणून जिच्या ताब्यात तो अवयव होता तिच्या उलट परिणाम दिसतो. बाहुली मोठी, जवळचं अंधूक, तोंड कोरडं, ठोके वाढलेले, बद्धकोष्ठ, लघवी तुंबलेली: इथे सगळीकडे पॅरासिम्पथेटिकचं राज्य होतं. रक्तवाहिन्या रुंद, उभं राहिल्यावर रक्तदाब कोसळतो, घाम बंद: इथे सिम्पथेटिकचं.

यात बाहुली किंवा ठोके चुकले तर तुमचा टोनचा भाग कच्चा आहे. रक्तवाहिनी चुकली तर कुठल्या अवयवाला कोणते तंतू जातात ते पुन्हा बघा. घाम चुकला तर रसायन आणि यंत्रणा अजून तुमच्या डोक्यात एकच आहेत. हे सगळं बरोबर आलं, पण नॉरॲड्रेनालिनचे ठोके चुकले, तर बॅरोरिसेप्टरचा भाग एकदा स्वतः आकृती काढून करा. तेवढ्यासाठी अख्खा धडा परत वाचायची गरज नाही.