नोट तरंगवायची असेल तर आधी दिसणारा दोरा घ्या

कोल्हापुरात माझ्याकडे जादू शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी खरा अदृश्य धागा हातात हवा असतो. मी देत नाही. ड्रेसच्या चुण्यांसाठी शिंपी वापरतात ते बारीक इलॅस्टिक देतो, काळ्या रंगाचं. त्याची गाठ मारून कडं करायचं आणि निदान काही आठवडे त्याच्यावरच नोट तरंगवायची. धागा दिसत असला की आपला हात नेमकं काय करतोय तेही दिसतं. न दिसणाऱ्या धाग्यावर हात बसवायला गेलात तर अर्धा वेळ धागा शोधण्यात जाईल आणि उरलेला तो तुटला म्हणून हळहळण्यात.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एक लूप, म्हणजे अतिशय बारीक लवचिक धाग्याचं कडं, मनगटात घालायचं. ताणला जाणारा असा अदृश्य धागा जादूत रुजवण्याचं श्रेय नॉर्वेच्या फिन जॉन यांना देतात. दुसरा प्रकार रीलचा. लहानशी डबी, आत गुंडाळलेला धागा आणि टोकाला मेण. डबी खिशात किंवा कपड्याआड अडकवायची, धागा हवा तेवढा बाहेर ओढायचा, सोडला की आत जातो. रीलमध्ये मजा खूप आहे, पण नवशिक्याने लूपच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. लूप स्वस्त पडतं, तुटलं तरी जीव जळत नाही, आणि दोन्ही टोकं आपल्याच हातात राहतात.

लूप डाव्या मनगटात. प्रेक्षकाकडून दहाची नोट घेताना उजवा अंगठा सहज कड्यात सरकवायचा. हात वेगळे केले की मध्ये दोन पदर तयार होतात. नोट हलकेच चुरगळायची आणि एक पदर तिच्या खालून, दुसरा वरून जाईल अशी मधोमध ठेवायची. दोन्ही पदर खालून घेतलेत तर नोट गडगडते. चुरगळलेली नोट घ्यायचं कारणही हेच: घड्यांमध्ये धागा अडकून बसतो. कोऱ्या करकरीत नोटेवरून तो घसरतो.

आता खरी गोष्ट, ताण. नोटेचं वजन एक ग्रॅमपेक्षाही कमी, त्यामुळे वजनाने धागा तुटत नाही. तो तुटतो सरळ करायच्या हट्टापायी. धागा मध्ये झोळून दोन्हीकडे आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर नोटेच्या वजनाइतकाच ताण येतो. तोच कोन सहा अंशांवर आणलात की ताण वजनाच्या जवळजवळ पाचपट होतो, आणि पूर्ण सरळ रेषेत तर कुठलाच धागा काही पेलू शकत नाही. म्हणून झोळ कायम ठेवायचा. नोट वर न्यायची म्हणजे हात वर न्यायचे नाहीत, ते एकमेकांपासून किंचित लांब करायचे. खाली आणायची तर जवळ. बोटभर हालचाल पुरते. प्रेक्षकाला हात जवळपास स्थिर दिसतात आणि नोट मात्र आपल्या मर्जीने उठते. सगळा प्रयोग या बोटभर अंतरात आहे, म्हणून आरशासमोर याचाच सराव सर्वांत जास्त करा.

हे जमलं की नजर. नवी मुलं धाग्याच्या टोकांकडे, म्हणजे स्वतःच्या हातांकडे बघतात, आणि प्रेक्षकही लगेच तिकडेच बघतो. तुम्ही नोटेकडे बघा. ती हलण्याच्या क्षणभर आधी बघा, ती हलली की श्वास थांबू द्या. नोट एकदम उंच न्यायची नाही; आधी तळहातावर नुसती थरथरवायची, मग एक कोपरा उचलायचा, मग सोडायचा. ती उठणार की नाही अशी धाकधूक समोरच्याला वाटली पाहिजे. उठल्यावर तीन-चार सेकंद पुरेत.

जागा निवडताना मी सर्वांत आधी पंखा बघतो. आपल्याकडे वाढदिवस असो की गणपतीचा मांडव, डोक्यावर पंखा हा असतोच, आणि त्याचा झोत धाग्याला हलवतो. यजमानांना आधीच सांगून तो बंद करून घ्या. मग उजेड. पाठीमागे किंवा बाजूला खिडकी असेल तर धागा चमकतो. उजेड समोरून, प्रेक्षकांच्या अंगावरून यायला हवा, आणि फारसा प्रखर नको. अंगात बारीक नक्षीचा किंवा चौकड्यांचा गडद शर्ट घाला. पांढऱ्या सदऱ्यावर काळसर धाग्याची रेघ उठून दिसते. मोबाइलवर चित्रीकरण करून पाहायचं असेल तर फ्लॅश लावून आणि न लावता, दोन्ही पाहा, कारण प्रेक्षकांत कोणीतरी फ्लॅश मारणारच. हात कोरडे हवेत. आमच्याकडच्या पावसाळ्यात तळव्यांना चिकटून धागा गुंतत राहतो, म्हणून प्रयोगाआधी मी किंचित पावडर चोळून पुसून टाकतो.

एक गोष्ट मी शिकवायला सुरुवात करण्याआधीच बोलून घेतो. तरंगणारी नोट पाहून कोणी हात जोडले, "तुमच्यात शक्ती आहे" म्हणालं, तर तिथल्या तिथे सांगायचं की ही जादू आहे, सरावाची कला आहे. धागा कुठे आहे ते सांगायचं नाही. शक्ती नाही, हे मात्र सांगायचंच. असेच प्रयोग चमत्कार म्हणून दाखवून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं लढा दिला. आपल्या हातातली कला त्या लुबाडणाऱ्यांच्या बाजूला जाता कामा नये.

आणि धागा तुटेल, हे धरूनच चाला. उजवा हात नोटेच्या खाली सरकलेला असू द्या, म्हणजे ती पडली तरी तळव्यात पडेल. मूठ मिटा, नोट उलगडा, मालकाला परत द्या आणि पुढचा प्रयोग सुरू करा. किती उंच न्यायची होती ते समोरच्याला ठाऊक नसतं. दुसऱ्या मनगटात एक जादा लूप घालून ठेवलेलं असावं, आणि तुटलेले तुकडे तिथे न टाकता खिशात घालून आणावेत.