रविवारी पोहे-जिलेबीला लोक बोलावताय? या चुका टाळा

इंदुरात कुणाला घरी बोलवायचं म्हटलं की जेवणाचा घाट घालण्यापेक्षा रविवारी सकाळी पोहे-जिलेबीला बोलवा, सोपं पडतं, असं आपण सगळेच म्हणतो आणि ते खरंही आहे. पुरण नको, पंगत नको, अकरा वाजता सगळे आपापल्या घरी. पण होतं काय, सोपं आहे सोपं आहे म्हणत शनिवारी रात्रीपर्यंत कुणी काही हलवत नाही आणि मग सकाळी आठ ते नऊ या एका तासात झाडू, आंघोळी, दिवाणावरची चादर, पोहे, चहा, मुलांचं आवरणं सगळं एकदम अंगावर येतं. बिघडतं ते इथे. पोहे कुणाला येत नाहीत असं थोडंच आहे, त्या तासात पोह्यांकडे बघायला माणूस उरत नाही. म्हणून खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या अर्ध्या तर स्वयंपाकाच्या नाहीतच.

नळाचा दिवस न बघता तारीख ठरवणं

हसू नका, पहिली चूक हीच. आपल्याकडे बऱ्याच भागांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नर्मदेकाठच्या जलूदहून उपसून, घाट चढवून, सत्तर किलोमीटरवरून येणारं पाणी आहे ते, तुमच्या पाहुण्यांचं टाइमटेबल त्याला माहीत नाही. पंधरा माणसं म्हणजे कपबशा, प्लेटा, मोठी भांडी, हात धुणं, बाथरूम, टाकी बघता बघता खाली जाते. बऱ्याच जणांना वाटतं नळाच्याच दिवशी बोलवावं म्हणजे पाणी भरपूर, पण त्या दिवशी घरातला एक माणूस मोटर लावण्यात, बंद करण्यात आणि टाकी वाहतेय का ते बघण्यात अडकतो, तोही नेमका सकाळी. त्यापेक्षा नळ शनिवारी येऊन गेला असेल असा रविवार धरा, टाकी भरलेली आणि सगळे मोकळे.

याच्याबरोबर सिलिंडरही हलवून बघा. वीस माणसांचा चहा चालू असताना गॅस संपणं हा योग कसा काय जुळून येतो कोण जाणे, पण येतो.

आदल्या दिवशी दिवाळीची सफाई काढणं

पाहुणे येणार म्हणून शनिवारी माळा उघडायचा, पुस्तकांचं कपाट रिकामं करायचं, पंखे पुसायचे, हा उत्साह कुठून येतो माहीत नाही. येणारा माणूस तुमचा माळा बघत नाही. तो चपला काढतो ती जागा, बसतो ती खोली, हात धुतो ते बेसिन आणि बाथरूम, एवढंच बघतो. तेवढंच करा आणि नीट करा. बाकीच्या खोलीचं दार लोटून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्याच घरी एक खोली अशी असते.

घाईच्या सफाईत दोन गोष्टी मात्र खरंच जपा. एक म्हणजे बाथरूममध्ये अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र ओतू नका, दोन्ही टाकलं की डबल चमकेल असं वाटतं पण त्यातून क्लोरीन गॅस निघतो, बंद बाथरूममध्ये डोळे आणि छाती दोन्ही धरतात. चुकून झालंच तर पाणी-बिणी मारत बसू नका, आधी बाहेर या, दार-खिडकी उघडी राहू द्या. दुसरं म्हणजे कोटा. आपल्याकडे फरशी कोट्याची, कित्येक घरी ओटाही कोट्याचा, आणि कोटा म्हणजे शेवटी चुनखडीचा दगड. बोअरिंगच्या पाण्याचे नळावर जे पांढरे थर बसतात ते व्हिनेगर लावलेल्या फडक्यानं छान निघतात, पण तेच व्हिनेगर किंवा लिंबू कोट्यावर सांडून राहिलं की तिथली पॉलिश जाते आणि फिका डाग पडतो, तो पुसून निघत नाही, पुन्हा घासून पॉलिशच करावी लागते. पोह्यांच्या दिवशी लिंबं चिरायची असतात तर पाट किंवा ताट खाली घ्या, थेट ओट्यावर नको.

चार जणांचे पोहे आणि वीस जणांचे पोहे एकाच कढईत

आता मुद्द्यावर येऊ. घरात रोजचे पोहे कढईत परतून पाच मिनिटांत प्लेटमध्ये जातात, म्हणून आपल्याला वाटतं मोठी कढई घेतली की झालं. नाही होत. सव्वा-दीड किलो पोहे एका कढईत घातले की खालचे करपतात, वरचे कोरडे राहतात आणि उलथन्यानं वरखाली करता करता मधल्यांचा लगदा होतो. आपल्या ठेल्यावाल्याकडे जरा नीट बघा, तो पोहे परतत बसलेला दिसणार नाही. त्याचं पोह्यांचं भगोनं, म्हणजे मोठं पातेलं, खाली उकळत्या पाण्यावर बसवलेलं असतं, पहाटेपासून गिऱ्हाईक संपेपर्यंत पोहे वाफेवरच गरम राहतात आणि म्हणूनच इंदुरी पोहे इतके मऊ लागतात. घरी हेच करा. मोठ्या पातेल्यात चार बोटं पाणी उकळत ठेवा, त्याच्या तोंडावर बरोबर बसेल असं भगोनं किंवा मोठी चाळणी ठेवा, त्यात पोहे, वर झाकण, आणि झाकणाला आतून एक सुती फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी पोह्यांवर टपकणार नाही. उशिरा येणाऱ्यांनाही गरम मिळतात, तुम्हाला परत गॅसपाशी उभं राहावं लागत नाही.

त्याआधीची तयारी अशी. पोहे जाडच घ्या, चाळून भुगा काढून टाका, तो भुगाच पुढे चिकटा होतो. पाण्यात भिजत घालायचे नाहीत, चाळणीत घेऊन नळाखाली धुवायचे आणि निथळत ठेवायचे, दहा मिनिटांनी एक पोहा बोटात दाबला तर सहज दबला पाहिजे पण पीठ व्हायला नको. मीठ, साखर, हळद याच वेळी हलक्या हातानं लावून घ्या, नंतर भगोन्यात वरून हळद घातली की एक घास पिवळाधम्मक आणि एक पांढरा. फोडणी वेगळ्या कढल्यात, तेल, मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची, आणि ती पोह्यांवर ओतून एकदाच हलवायचं. बडीशेप विसरू नका, ती नसली तर मग ते कुठलेही पोहे. बटाटा घालायचाच असेल तर आदल्या रात्री उकडून ठेवा, सकाळी कच्चा बटाटा शिजायची वाट बघणं म्हणजे त्याच तासातली पंधरा मिनिटं गेली.

अंदाज म्हणाल तर सोबत जिलेबी असताना एक किलो पोहे पंधरा जणांना आरामात पुरतात. यात आपल्या शहराचा एक धोका धरून चाला, निदान दोघं तरी येताना छप्पनवर, म्हणजे छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत, थांबून आलेले असतात आणि दारातच म्हणतात, अरे अपन तो खाके आए हैं, बस थोड़ा सा देना. हेच लोक नंतर दोनदा घेतात. त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर जाऊन पोहे कमी करू नका.

बिघडलेच तर? पोहे गिच्च झाले असतील तर गॅसवरून आधी उतरवा, परातीत पसरा, पंख्याखाली पाच-दहा मिनिटं ठेवा आणि चमच्यानं नाही, काट्यानं मोकळे करा, मग परत वाफेवर. कोरडे झाले तर मूठभर पाणी किंवा दुधाचा हबका मारून झाकण ठेवा, वाफ आपलं काम करते. मीठ जास्त पडलं तर थोडे पोहे अजून धुवून, बिनमिठाचेच, त्यात मिसळा, लिंबू-साखरेनं खारटपणा लपवायच्या भानगडीत पडू नका.

शेव, कच्चा कांदा, जिरावण (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), कोथिंबीर, असतील तर डाळिंबाचे दाणे, हे सगळं प्लेटमध्ये वाढताना वरून. शेव आधीच भगोन्यात मिसळून ठेवणारे लोक मी पाहिलेत, दहा मिनिटांत तिचा लगदा होतो आणि मग म्हणतात दुकानदारानं शिळी दिली. लिंबूही प्लेटमध्येच, उकळत्या वाफेवर पिळून ठेवलं की कडवट चव येते. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे असतील तर ओलं खोबरं आणि तळलेले दाणे वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवे तो घेईल. कांदा परतलेला की कच्चा हा वाद रविवारी सकाळी काढू नका, तो संपत नाही.

जिलेबी आठ वाजताच आणून स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून ठेवणं ही अगदी घरोघरची चूक. गरम जिलेबीची वाफ आतच कोंडते आणि कुरकुरीत जिलेबीची चिवट दोरी होते. जिलेबी सगळ्यात शेवटी, निम्मे लोक येऊन बसल्यावर घरातल्या मुलाला स्कूटरवर पिटाळून आणवा, पिशवीत नको, कागदात उघडीच. मऊ पडलीच तर मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये दोन-चार मिनिटं, पण सगळी एकदम नको, लागेल तशी.

चहा

चहाचं थोडक्यात. वीस कपांना दीड लिटर दूध आणि साधारण तेवढंच पाणी लागतं, पण सगळं एकाच पातेल्यात टाकलं की उकळायला जन्म जातो, दोन खेपा करा आणि पहिली खेप थर्मासमध्ये. आलं किसून थेट दुधात घालू नका, कच्च्या आल्यानं दूध नासू शकतं, ते आधी पाण्यात चहापत्तीबरोबर चांगलं उकळू द्या आणि मग दूध. आणि चहा बिनसाखरेचाच करा, साखर वेगळी ठेवा. काका-काकूंच्या वयाची माणसं असली की त्यातल्या अर्ध्यांना साखर चालत नाही आणि ते बिचारे संकोचानं गोड चहा पितात.

एक गॅस कमी पडतो म्हणून इंडक्शन बाहेर काढतात आणि ते हॉलमधल्या एक्स्टेन्शन बोर्डला लावतात. हे करू नका. 2000 वॅटचं इंडक्शन 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतं, आणि तो साधा बोर्ड 6 अँपिअरचा असतो. आधी प्लग गरम होतो, मग जळका वास, मग कधी एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा खटका, पडतो कधी पडतही नाही, आणि न पडणं जास्त वाईट. गीझर किंवा ओव्हनसाठी असतो तो 16 अँपिअरचा मोठा सॉकेटच वापरा. एमसीबी पडला तर तो नुसता परत वर करू नका, आधी इंडक्शन, गीझर, मिक्सर यातलं काहीतरी बंद करा.

डिस्पोजेबल प्लेटा आणि मग कचऱ्याची गाडी

भांडी घासायला नकोत म्हणून डिस्पोजेबल आणतात, ठीक आहे, पण मग सगळं, म्हणजे खरकटे पोहे, कागदी प्लेट, प्लॅस्टिकचा चमचा, टिश्यू, एका काळ्या थैलीत बांधून ठेवतात आणि सोमवारी गाडीवाला ती घेत नाही. बरोबरच आहे त्याचं. इंदूर 2017 ते 2023 स्वच्छ सर्वेक्षणात सलग सात वेळा पहिलं आलं ते असंच नाही आलं, ओला-सुका वेगळा करायचं काम शेवटी आपल्याच घरात होतं. ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला जातो, रोज 550 टन ओला कचरा घ्यायच्या क्षमतेनं 2022 मध्ये सुरू झालेला, आणि त्यातून निघालेल्या गॅसवर शहरातल्या बसही चालतात. त्या ओल्या कचऱ्यात प्लॅस्टिकचे चमचे चालत नाहीत. पाहुणे यायच्या आधीच गॅलरीत दोन बादल्या ठेवून द्या आणि एकीवर ओला, दुसरीवर सुका अशी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावा, लोक आपणहून टाकतात, सांगावं लागत नाही.

खरं तर पंधरा-वीस माणसांसाठी स्टीलच्या प्लेटाच बऱ्या, आणि त्या कमी असतील तर शेजारच्या वहिनींकडून घ्या. इथे भांडी हरवतात ही तक्रार असते, त्यावर आपल्या आज्यांनी उपाय करूनच ठेवलाय. जुन्या ताटल्या उलट्या करून बघा, काठापाशी बारीक ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि साल कोरलेलं असतं, कुणाच्या तरी मुंजीत आलेलं भांडं. आता कुणी नाव घालत नाही, प्लॅस्टिकचे डबे तर सगळ्यांचे एकसारखेच, म्हणून देताना झाकणाला आतून मार्करनं नाव लिहा आणि किती नग आले किती गेले ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. वर्षानुवर्षं एकमेकींचे डबे सांभाळत बसण्यापेक्षा हे बरं.

गेल्यावर

उरलेले पोहे मोठ्या भगोन्यासकट फ्रीजमध्ये ढकलू नका. एवढं मोठं भांडं मधून थंड व्हायला तासन्‌तास घेतं आणि तेवढ्यात आतले पोहे आंबतात, शिवाय फ्रीजमधलं बाकीचं दूध-दहीही गरम होतं. उथळ डब्यांत वाटून, दोन तासांच्या आत, आणि मे महिन्यात तर तासाभरातच आत गेले पाहिजेत. चिरलेला कांदा उरला तर संध्याकाळच्या भाजीत संपवा.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर हळदीचा डाग पडला म्हणून लगेच साबण चोळला आणि डाग लालभडक झाला तर घाबरू नका, हळद साबणातल्या क्षाराला अशीच लाल होते. गार पाण्यानं साबण पूर्ण काढा, पिवळा होईल, मग ओलाच कपडा कडक उन्हात टाका, एक-दोन दिवसांत उन्हानंच फिका पडत जातो. तेलाचा डाग त्याच्याबरोबर असेल तर तो आधी भांड्यांच्या लिक्विडनं काढावा लागेल, तेवढ्यापुरता लाल रंग सहन करा.

शिळी जिलेबी रात्री गरम दुधात. शेव मात्र त्याच दिवशी पुडीतून काढून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पावसाळ्यात तर एका रात्रीत सादळते.