केरॅटोकोनससाठी हार्ड लेन्स: पहिले तीन आठवडे कसे काढायचे

केरॅटोकोनसमध्ये कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत होत शंकूसारखा पुढे येतो. सॉफ्ट लेन्स त्या उंचवट्यावर तशीच पसरते आणि दोष जिथल्या तिथे राहतो. हार्ड लेन्स मात्र आपला आकार सोडत नाही. लेन्स आणि कॉर्निया यांच्या मधल्या फटीत अश्रू भरतात आणि डोळ्याला पुढून एक गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. चष्म्याने न दिसणारी बसची पाटी लेन्सने स्पष्ट दिसते ती यामुळे. दुकानात हिलाच कोणी आरजीपी म्हणतं, कोणी सेमी-सॉफ्ट. नावाने गोंधळू नका.

पहिल्या दिवशी ती खुपणारच. साधारण 9 ते 10 मिलिमीटरची ही चकती कॉर्नियापेक्षाही लहान असते, त्यामुळे पापणी मिटताना दर वेळी तिच्या कडेवर आपटते. खुपतं ते मुख्यतः पापणीच्या आतल्या काठाला. त्या काठाला सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर डोळ्यांतून पाणी येणं, उजेडाकडे बघवत नाही असं वाटणं, मान थोडी वर करून बघणं, हे सगळं अपेक्षित आहे. नजर खाली ठेवली की कडेचा आणि पापणीचा संबंध कमी येतो आणि लगेच बरं वाटतं. म्हणून लेन्स घातल्यावर पहिली दहा मिनिटं खाली बघत बसा.

खुपणं वेगळं आणि दुखणं वेगळं. खुपणं दिवसागणिक कमी होतं. दुखणं वाढत जातं आणि लेन्स काढल्यावरही राहतं.

वेळ हळूहळू वाढवा. पहिल्या दिवशी तीन तास, मग रोज एक तास जास्त. अशाने दहा-बारा दिवसांत पूर्ण दिवस लेन्स राहू लागते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं वेळापत्रक दिलं असेल तर तेच पाळा. मध्ये चार-पाच दिवस खंड पडला तर पुन्हा निम्म्या वेळेपासून सुरुवात करा, एकदम दहा तासांवर उडी नको. सुरुवातीचे दिवस घरीच काढलेले बरे. सकाळच्या विरार लोकलमध्ये, दारातल्या वाऱ्यात लेन्सची पहिली ओळख करून घेऊ नका. रविवारी दुपारी, पंख्याच्या थेट झोताखाली न बसता सुरुवात करा.

घालताना नखं कापलेली हवीत. हात साध्या साबणाने धुवा, क्रीमवाल्या नको, आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. डोक्याला खोबरेल चोळलं असेल किंवा मिरच्या चिरल्या असतील तर दोनदा धुवा. तेलाचा पातळ थर लेन्सवर बसला की अश्रू तिच्यावर पसरत नाहीत आणि सगळं धुरकट दिसतं. बेसिनच्या भोकाला बूच लावा, वर टॉवेल अंथरा. आरसा टेबलावर आडवा ठेवून त्यावर वाका. लेन्स तर्जनीच्या टोकावर घेऊन तिच्या खोलगट बाजूला सोल्युशनचा एक थेंब टाका. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढा. दुसऱ्या हाताने वरची पापणी अगदी पापण्यांच्या केसांच्या मुळाशी धरा. वरून धरली तर डोळा हमखास मिटतो. आरशातल्या आपल्याच बाहुलीकडे बघत लेन्स टेकवा, आधी खालची पापणी सोडा, मग वरची.

काढताना डोळा मोठा उघडा, बाहेरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून पापण्या कानाकडे ताणा आणि जोरात मिटा. खाली धरलेल्या तळहातावर लेन्स पडते. प्लंजर, म्हणजे लेन्स ओढून काढायची छोटी रबरी चूषणी, वापरणार असाल तर तो सलाईनने ओला करा, आणि लेन्स बुबुळावरच आहे याची आधी आरशात खात्री करा. लेन्स सरकून पांढऱ्या भागात गेलेली असेल तर प्लंजर उघड्या कॉर्नियाला चिकटतो आणि जखम होते. सरकलेल्या लेन्ससाठी डोळ्यात ओलाव्याचे दोन थेंब टाका, लेन्स ज्या बाजूला गेली आहे तिच्या उलट दिशेला बघा आणि पापणीवरून हलक्या बोटाने ती बुबुळाकडे ढकला. घाई करू नका. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन हरवत नाही, मागे वाटच नाही.

काही जणांना मोठी स्क्लेरल लेन्स देतात, जी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते. ती काठोकाठ सलाईनने भरून, चेहरा जमिनीला समांतर ठेवून घालतात. आत बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा भरायची. सलाईन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं, कारण तेच द्रव दिवसभर कॉर्नियाला लागून राहतं. काढताना प्लंजर मधोमध लावू नका. खालच्या कडेजवळ लावा आणि ती कड आधी उचला.

आता पाणी. नळाचं, फिल्टरचं, उकळलेलं, कुठलंच पाणी लेन्सला लावू नका. इमारतीच्या टाकीतल्या पाण्यात अकांथामीबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. त्याचा संसर्ग महिनोन्‌महिने हटत नाही, दृष्टीही जाऊ शकते. अंघोळीला, पोहायला जाताना लेन्स काढा. रोज रात्री काढल्या काढल्या तळहातावर क्लीनरचे थेंब घेऊन दोन्ही बाजू करंगळीच्या पेराने 15 ते 20 सेकंद हलक्या हाताने चोळा. चिमटीत दाबून चोळली तर ती वाकते किंवा तडकते. सलाईनने धुवून ताज्या सोल्युशनमध्ये ठेवा. काल उरलेल्यात भर घालू नका. सकाळी डबी सोल्युशनने विसळा, पुसा आणि उघडी उपडी ठेवा. पावसाळ्यात न्हाणीघरात ती वाळतच नाही, म्हणून खोलीतच ठेवा. तीन महिन्यांनी नवी घ्या.

बाहेर पडताना छोट्या पिशवीत डबी, सलाईन, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब, प्लंजर, आरसा आणि चष्मा ठेवा. धुळीचा कण लेन्सखाली गेला की एकदम सुई टोचल्यासारखं होतं. डोळा चोळला तर तो कण कॉर्नियावर ओरखडे काढतो. थेंब टाकून बघा, नाही जमलं तर काढून धुवा. मेट्रोच्या कामांच्या आसपास आणि दुचाकीवर गुंडाळून बसणारा, बिनानंबरचा का होईना, चष्मा लावा. ऑफिसच्या एसीत, स्क्रीनसमोर आपण अर्धवट पापणी मिटतो. मग बुबुळाच्या दोन्ही बाजूंना लाली येते. मुद्दाम पूर्ण मिटा, थेंब टाका. गाडीत डुलकीचा मोह आवरा. झोपेत लेन्स चिकटते. चिकटलीच तर थेंब टाकून ती हलेपर्यंत थांबा, ओढू नका.

नीट दिसेनासं झालं तर आधी उजवी-डावी बदलली नाही ना ते बघा. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. लेन्स काढल्यावर दिव्याभोवती इंद्रधनुषी वलय दिसत असेल तर कॉर्नियाला सूज आली आहे, फिटिंग घट्ट असण्याची शक्यता आहे. वारंवार निसटत असेल तर ती सैल आहे किंवा शंकू बदलला आहे. दोन्हींवर घरगुती उपाय नाही, लेन्सच बदलावी लागते. आणि वाढती किंवा न उतरणारी लाली, वाढती वेदना, उजेड अजिबात सहन न होणं, नजर अचानक पांढुरकी होणं, यातलं काहीही झालं तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. डोळे आले असतील तर ते पूर्ण बरे होईपर्यंत चष्माच.

लेन्समुळे दिसतं, पण आजार थांबत नाही. तो वाढतो आहे का हे टोपोग्राफीवर, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत, कळतं, आणि वाढत असेल तर सी-थ्री-आर, म्हणजे कॉर्निया घट्ट करणारा उपचार, करायचं का हे डॉक्टर ठरवतात. साध्या तपासणीला जाताना लेन्स किमान दोन-तीन तास डोळ्यात राहिलेली असू द्या, म्हणजे फिटिंग खरं दिसेल. टोपोग्राफीसाठी उलट ती बरेच दिवस आधीपासून बंद ठेवावी लागते, म्हणून वेळ ठरवतानाच किती दिवस ते विचारून घ्या आणि त्या दिवसांत चष्म्यावर कामाला कसं जायचं याचीही सोय करून ठेवा.