लिनक्स काढल्यावर विंडोज चालू होत नाहीये? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला सुदामा नगरहून भाच्याचा फोन, "मामा, काळ्या स्क्रीनवर ग्रब रेस्क्यू लिहून येऊन राहिलंय, विंडोज गेलं वाटतं." पीसी त्याने स्वतः बांधलेला, सिल्व्हर मॉलमधे चार चकरा मारून पार्ट जमवले आणि जुन्या पीसीची हार्ड डिस्कपण त्यातच लावली. कॉलेजच्या कामासाठी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून बघितलं, जमलं नाही म्हणून विंडोजमधूनच त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कवरचा त्याचा वेगळा भाग, डिलीट केलं आणि रिस्टार्ट मारला, बस. एका दुकानात विचारलं तर सरळ फॉरमॅट करा म्हणाले, आणि त्याच पीसीत आजीच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो, दुसरी कॉपी कुठेच नाही.

तर आधी घाबरणं थांबवा. पार्टिशन फक्त लिनक्सचंच डिलीट केलं असेल तर विंडोज आणि तुमच्या फाइली जागच्या जागी आहेत. नवीन पीसी चालू होताना मदरबोर्ड एक छोटं पार्टिशन शोधतो, ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात त्याला, विंडोज ते बहुतेक वेळा १०० एमबीचं करतं. विंडोज चालू करून देणारा बूट मॅनेजर त्यात असतो, उबुंटू टाकलं की लिनक्स चालू करून देणारा ग्रबपण तिथेच शेजारी येऊन बसतो आणि बूट ऑर्डरमधे पहिला नंबर घेतो. पण ग्रबचं बाकी सामान लिनक्सच्या पार्टिशनमधे असतं आणि ते तर तुम्ही उडवलंय, म्हणून तो चालू होतो, सामान शोधतो, सापडत नाही की तिथेच अडकून बसतो.

म्हणून पहिलं काम, पीसी चालू करतानाच बूट मेनूची की दाबत राहा. असूसच्या बोर्डवर एफ ८, गिगाबाइटवर एफ १२, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकवर एफ ११. यादीत विंडोज बूट मॅनेजर दिसला तर तोच निवडा, विंडोज उघडलं की रिस्टार्ट करून बायोसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधे, जा आणि बूट ऑर्डरमधे त्याला पहिला करा, झालं काम.

भाच्याच्या यादीत तो दिसतच नव्हता. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की गडबड जुन्या हार्ड डिस्कमुळेच आहे असं समजून त्याने तिची केबल काढून ठेवली होती! बांधलेल्या पीसीत हा घोळ फार होतो. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क लावलेल्या असल्या आणि जुन्या डिस्कवर आधीचं ईएफआय पार्टिशन असलं, तर विंडोज नव्या एसएसडीवर जातं पण बूट मॅनेजर जुन्या डिस्कवरच जाऊन बसतो. म्हटलं केबल परत लाव, एफ ११ दाब. विंडोज बूट मॅनेजर आला, विंडोज उघडलं, फोटो सगळे जिथल्या तिथे.

दुसरी गोष्ट बायोसच्या सेटिंगची. उबुंटू टाकताना तुम्ही काही बदललं होतं का ते आठवा. स्टोरेज रेडवरून (RAID) एएचसीआयवर (AHCI) केलं असेल, ह्या डिस्क चालवायच्या दोन पद्धती, तर विंडोज निळी स्क्रीन दाखवून इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस म्हणतं, परत रेडवर करा. ईएफआयच्या आधीच्या जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं विंडोज सीएसएम, म्हणजे ती जुनी पद्धत चालू ठेवणारं सेटिंग, बंद केलं की चालू होत नाही. आणि भिया, उठसूट बोर्डवरची बॅटरी काढून सीमॉस क्लिअर करू नका, त्याने ही सगळी सेटिंग डीफॉल्टवर जातात आणि एकाच्या जागी दोन प्रॉब्लेम होतात.

सगळ्या डिस्क लावूनही बूट मॅनेजर यादीत नसेल तर तो नव्याने बनवावा लागेल. दुसऱ्या पीसीवर विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवा, बूट मेनूत त्याची यूईएफआय (ईएफआयचंच नवं रूप) लिहिलेली एंट्री निवडा, आणि पहिल्या स्क्रीनवर शिफ्ट एफ १० दाबा, काळी विंडो उघडेल. फोनवर सांगतात तसंच लिहितोय, टाइप मात्र इंग्रजी अक्षरात करा. डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, विंडोजच्या डिस्कसमोर जीपीटी लिहिलेल्या कॉलमखाली फुली पाहिजे, नसेल तर ते लेगसी विंडोज आहे, त्याला हा उपाय लागू नाही, इथेच थांबा. मग लिस्ट व्हॉल्यूम, त्यात फॅट ३२ वालं छोटं पार्टिशन शोधा, पेनड्राइव्हपण फॅट ३२ असतो म्हणून साइज नीट बघा. सिलेक्ट व्हॉल्यूम आणि त्याचा नंबर, असाइन लेटर इक्वल टू एस, एक्झिट. आता बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय. इथे विंडोजचा ड्राइव्ह सीच्या ऐवजी डी किंवा ई दिसू शकतो, म्हणून एकेका ड्राइव्हवर डीआयआर (आतली यादी दाखवणारी कमांड) मारून यूजर्सचं फोल्डर कुठे आहे ते आधी बघा. क्लीन आणि फॉरमॅट हे दोन शब्द डिस्कपार्टमधे चुकूनही टाइप करू नका.

मधेच बिटलॉकरने (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं फीचर) ४८ आकड्यांची की मागितली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे बघा, बायोसमधलं सिक्युअर बूटचं सेटिंग बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते.

विंडोज चालू झाल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला धावू नका, लिनक्स बोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, ठेवतं आणि विंडोज तिलाच इथली वेळ समजतं, सेटिंगमधे जाऊन टाइम सिंक केलं की ठीक होतं.