रॉक बँडवरचं नाटक: बँड मोठा होताना ऐकू यायला हवा

बँडच्या जडणघडणीवरचं नाटक बहुतेकदा पहिल्याच गाण्यात फसतं. गॅरेजमधली तालीमही शेवटच्या मैफलीइतकीच दणक्यात वाजते आणि मग चढायला जागाच उरत नाही. आवाज १० डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणून आठव्या रांगेत आवाज मोजणारा मीटर धरा, पहिलं गाणं ८० डेसिबलच्या आसपास ठेवा, शेवटचं ९५ वर न्या आणि मधली गाणी त्या पंधरात बसवा. अमेरिकन रॉक गायक बडी हॉलीवरचं, १९८९ साली लंडनमध्ये आलेलं नाटक त्याच्या १९५९ च्या अखेरच्या मैफलीपाशी पोचतं. अशा शेवटासाठी ताकद राखूनच ठेवावी लागते.

गॅरेजच्या प्रसंगात गिटार आणि बास सभागृहाच्या स्पीकरमध्ये सोडूच नका. रंगमंचावरचा छोटा अँप (गिटारचा आवाज वाढवणारा स्पीकरचा डबा) पुरतो, आणि तो कोरडा, किंचित कर्कश आवाजच त्या वयाचा असतो. क्लबच्या प्रसंगात सभागृहाचे स्पीकर चालू करा. सबवूफर (अगदी खालचे स्वर वाजवणारे स्पीकर) आणि रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) मात्र मोठ्या मैफलीपर्यंत बंदच.

खरी डोकेदुखी ड्रमची. संगीत नाटकात ऑर्गन-तबला गायकाला सांभाळून वाजतो, इथे ड्रमर स्वतःच पात्र आहे आणि त्याने जोरात वाजवणं ही कथेची गरज आहे. छोट्या नाट्यगृहात साध्या काठ्यांनी वाजवलेला ड्रमसेट, जवळून मोजला तर, एकटाच १०० डेसिबल ओलांडतो, आणि हा आवाज थेट हवेतून येत असल्यामुळे मिक्सरवर कमी करता येत नाही. शिवाय तो नटांच्या कपाळावरच्या माइकमध्ये शिरतो आणि संवाद गढूळ होतात. पहिल्या अंकात काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या किंवा ब्रश द्या, किकमध्ये (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममध्ये) उशी भरा, स्नेअरवर (खणखणीत वाजणाऱ्या छोट्या ड्रमवर) आवाज दाबणाऱ्या जेलचे दोन तुकडे चिकटवा. समोर पारदर्शक अॅक्रिलिक लावलंत तर ड्रमच्या मागे जाड गादी हवीच, नाहीतर अॅक्रिलिकवर आपटलेला आवाज मागच्या भिंतीवरून उलटून पुन्हा सभागृहात येतो.

गाताना नट स्टँडवरच्या माइकसमोर आला की त्याचा कपाळावरचा माइक बंद झालाच पाहिजे. दोन्ही चालू राहिले तर आवाज पोकळ येतो. त्यासाठी ध्वनी सांभाळणाऱ्याच्या संहितेत प्रत्येक बदल वाक्यासकट लिहा. घामाने माइकची कॅप्सूल (आवाज टिपणारा भाग) भिजते, म्हणून मुख्य गायकाला दोन माइक लावा. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या.

दिव्यांच्या उष्णतेने गिटारच्या तारा उतरतात. तारा आदल्या दिवशीच बदलून नीट ताणून ठेवा आणि विंगेत सुरात लावलेली दुसरी गिटार तयार ठेवा. ड्रमसेट ६ बाय ६ फुटांच्या, ब्रेक असलेल्या चाकांच्या लेव्हलवर (लाकडी चौथऱ्यावर) बसवा आणि त्याच्या सगळ्या वायरी एकाच मल्टिकोअरमधून (अनेक तारा असलेल्या जाड केबलमधून) काढा. मग प्रवेश बदलताना एकच प्लग काढावा लागतो.

गाणी दुसऱ्या कुणाची असतील तर तालमीआधीच हक्क मिळवा. मैफलीत गाणं वाजवण्याचा परवाना नाटकाला पुरत नाही. कथेचा भाग म्हणून गाणं वापरायचं असेल तर हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते.