ताडासन: तळपायांपासून मस्तकापर्यंत

गुहागरच्या किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर पहाटे आसने करावीत असे अनेकांना वाटते, परंतु ताडासन शिकण्यासाठी पुळण ही योग्य जागा नव्हे. ती पाण्याच्या दिशेने उतरती असते. त्यामुळे एक पाऊल खाली गेले की कंबरही त्या बाजूला कलते, आणि वाळूत टाच रुतल्यावर शरीराचा भार नेमका कोठे पडतो आहे हे कळेनासे होते. त्यापेक्षा घरातल्या ओटीची सपाट फरशी कितीतरी चांगली. पावसाळ्यात दमट हवेने फरशीला पाणी सुटते, तेव्हा ती आधी कोरडी पुसून घ्यावी.

अनवाणी उभे राहून दोन्ही पायांचे अंगठे जुळवावेत. तोल सांभाळणे कठीण जात असेल, तर पावलांत वीतभर अंतर ठेवावे. अंगठ्याचे मूळ, करंगळीचे मूळ आणि टाचेचा मध्य या तिन्ही ठिकाणी भार सारखा पडला पाहिजे. त्यासाठी सगळी बोटे उचलून पसरावीत, त्या वेळी तळपायाची कमान वर येते ती नीट अनुभवावी, आणि बोटे पुन्हा अलगद टेकवतानाही ती कमान ढळू देऊ नये. रोजच्या वापरातली चप्पल एकाच बाजूने जास्त झिजत असेल, तर त्या बाजूकडे विशेष लक्ष द्यावे. माझ्या मते आसनाचे निम्मे काम येथेच होते, म्हणून घाई करू नये.

मग मांड्यांचे पुढचे स्नायू आवळून गुडघ्यांच्या वाट्या वर ओढाव्यात. गुडघे मात्र मागे ढकलू नयेत. शाळेतल्या ‘सावधान’च्या सवयीने पुष्कळजण छाती पुढे काढतात आणि कमरेत बाक आणतात. तसे न करता माकडहाड खाली सोडावे, पुढच्या बरगड्या आत राहू द्याव्यात, खांदे कानांपासून दूर न्यावेत आणि हनुवटी जमिनीला समांतर ठेवावी. चिऱ्याची भिंत बांधताना गवंडी ओळंबा लावतो, तसा कानापासून सोडला, तर तो खांदा व खुब्यावरून घोट्याच्या किंचित पुढे यावा. हे स्वतःला दिसत नाही. घरातल्या कोणाला तरी बाजूने पाहायला सांगावे.

श्वास न रोखता अर्धा ते एक मिनिट थांबावे. हात वर ताणून टाचा उचलण्याचा प्रकार ही स्थिती पक्की झाल्यावरच करावा. रक्तदाब कमी असणाऱ्यांनी भिंतीजवळ उभे राहावे, आणि चक्कर आल्यास लगेच खाली बसावे.