अवघड होलवर स्कोअर बिघडतो तो कुठे? या चुका टाळा

आम्ही सोलापूरचे चौघे महिन्यातून एका रविवारी गोल्फ खेळायला पुण्याला जातो. पहाटे साडेतीनला निघायचं, अडीचशे किलोमीटर गाडी हाणायची आणि आठच्या आत पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहायचं. एवढं करून एकाच होलवर नऊ फटके गेले की परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोलत नाही. जुनी स्कोअरकार्डं मी जपून ठेवली आहेत. ती चाळली तर मोठे आकडे स्विंग बिघडल्यामुळे कमी आणि क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी, चुकीचा काढल्यामुळे जास्त आलेले दिसतात.

सगळ्यात महाग चूक म्हणजे आपला सर्वांत लांब गेलेला फटका मनात धरून क्लब निवडणं. आपण सराव करतो इथल्या माळावर. मे महिन्यात जमीन तव्यासारखी तापलेली आणि कडक असते. सात नंबरच्या आयर्नचा (मध्यम अंतराच्या क्लबचा) बॉल १३० यार्डांवर टप्पा घेतो आणि पळत जाऊन १५० वर थांबतो. मग आपण सांगतो, "माझं सात नंबर दीडशे जातं." पावसाळ्यात पुण्याच्या ओल्या गवतावर तोच बॉल पडला तिथेच बसतो. ग्रीनच्या (झेंडा आणि भोक असलेल्या आखूड गवताच्या भागाच्या) पुढ्यात १४० यार्डांपर्यंत पाणी असेल, तर सुरेख लागलेला फटकाही तळ्यात जातो. म्हणून पाऊस पडून गेल्यावर माळावर दहा बॉल मारा. ओल्या मातीत टप्प्याचे खळगे स्पष्ट उमटतात. सर्वांत लांबचे तीन सोडा आणि मधल्या खळग्यांपर्यंत पावलं मोजा. तेच तुमचं खरं अंतर. पुढ्यात पाणी किंवा बंकर (वाळूचा खड्डा) असेल तर त्याहूनही एक नंबर लांब जाणारा क्लब घ्या, म्हणजे सातऐवजी सहा. समोरून वारा असेल तर हे हमखास करा.

पार चार, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला होल, दिसला की हात आपोआप ड्रायव्हरकडे (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबकडे) जातो, तेही थांबवायला हवं. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर झुडपं फेअरवेला, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याला, इतकी भिडलेली आहेत, की व्यावसायिक खेळाडूसुद्धा बऱ्याचदा ड्रायव्हर बॅगेतच ठेवतात. होलचा विचार ग्रीनकडून मागे करत या. ग्रीनवर कुठून मारायला आवडेल? तिथे पोचायला कोणता क्लब लागेल?

आता अडचणीत सापडल्यानंतरची चूक. १९९९ च्या ब्रिटिश ओपनमध्ये कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी पुढे होता. सहा फटक्यांत होल संपवला असता तरी विजेतेपद त्याचं होतं. टीवर त्याने ड्रायव्हर घेतला आणि बॉल बराच उजवीकडे गेला. दुसरा फटका त्याने थेट ग्रीनकडे मारला. तो प्रेक्षकांच्या स्टँडला आपटून उंच गवतात आला. तिसरा ओढ्यात, पेनल्टी, मग बंकर, आणि होलवर सात. प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. दुसऱ्या फटक्याला वेजने (जवळच्या अंतराच्या क्लबने) बॉल ओढ्याच्या अलीकडे ठेवला असता तरी भागलं असतं. झाडांतून वितभर फट दिसते तेव्हा मला हा होल आठवतो आणि मी बॉल आडवा फेअरवेवर काढतो. एक फटका जातो, तीन वाचतात.

झेंडा ग्रीनच्या कडेला, बंकरच्या मागे असेल तर त्याच्याकडे बघूच नका. ग्रीनच्या मध्यावर मारा. बॉल हरवल्याची शंका आली तर पुढे निघण्याआधीच प्रोव्हिजनल बॉल (पहिला सापडला नाही तर खेळायचा दुसरा बॉल) मारून ठेवा. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात. आणि आपला सोलापुरी टर्किश टॉवेल अर्धा भिजवून बॅगेला लटकवा. क्लबच्या खाचांत चिखल राहिला की बॉलला स्पिन मिळत नाही, आणि तो ग्रीनवर थांबत नाही.

स्कोअरकार्डवरचा स्ट्रोक इंडेक्स (होलांचा हँडिकॅपसाठीचा क्रम) न वाचणं ही शेवटची चूक. इंडेक्स एक म्हणजे हँडिकॅपचा (खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीचा) फटका सर्वांत आधी मिळतो तो होल. माझा हँडिकॅप १८, म्हणजे प्रत्येक होलवर एक फटका माफ. तिथला पार चार माझ्यासाठी पाचच. गेल्या महिन्यात अशाच एका होलवर हायब्रिड (ड्रायव्हरपेक्षा सोपा लांब क्लब), सात नंबर, पाण्याच्या अलीकडून वेज आणि ग्रीनवर दोन पटिंगचे फटके असे पाच फटके लागले. त्या होलवर चौघांत तोच सर्वांत कमी स्कोअर होता.